खळ्यात ‘द सर्कस’ दाखवायचा तर आधी पेटीवाला गाठा

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पडदा बांधून घरच्यांना आणि वाडीतल्या पोरांना चार्ली चॅप्लिनचा ‘द सर्कस’ हा मूकपट दाखवायचा असेल, तर आधी पेटीवाला, म्हणजे हार्मोनियम वाजवणारा, गाठा. प्रोजेक्टर काय, कुणाच्या तरी ओळखीने मिळतोच. पेटीवाला मे महिन्यात मिळणं कठीण. लग्नं, सत्यनारायण, डबलबारी भजनाचे सामने, सगळं त्याच महिन्यात येतं. म्हणून एप्रिल संपायच्या आत त्याची तारीख घ्या आणि बाकीचं सगळं त्या तारखेभोवती बसवा.

हा मूकपट 1928 चा, साधारण 72 मिनिटांचा. त्या काळी वाजवणारी माणसं पडद्याशेजारी बसत. आपल्याकडच्या खेळांतही पेटी-तबला असायचा. आज जी प्रत मिळते तिच्यावर चॅप्लिनने स्वतः रचलेलं संगीत आहे, पण ते त्याने चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना, कितीतरी वर्षांनी केलेलं. फार गोड आहे, घरी निवांत जरूर ऐका. खळ्यात मात्र तो आवाज बंद करा आणि आपले वादक बसवा. मी मंडपाची कामं करतो, भजनात पखवाज वाजवतो, आणि दोन्ही बाजूंनी विचार करून हे सांगतोय. रेकॉर्ड केलेलं संगीत माणसांच्या हसण्यासाठी थांबत नाही. समोर पोरं लोळून हसत असली की पखवाजवाला हात आवरतो, हसू ओसरायला लागलं की ठेका पुन्हा उचलतो, आणि मग पुढचं हसू आधीच्यापेक्षा मोठं येतं. सगळा खेळ त्यावर आहे.

हाच चित्रपट का, तर तो सगळ्या घराचा आहे. एक भणंग माणूस जत्रेत फिरत असतो, त्याला खिसेकापू समजून पोलीस मागे लागतात. पळता पळता तो थेट सर्कशीच्या रिंगणात घुसतो, तोही चालू खेळात. कंटाळून बसलेले प्रेक्षक हसायला लागतात. मालक त्याला ठेवून घ्यायला बघतो, पण ‘आता हसव’ म्हटलं की त्याला काही म्हणता काही जमत नाही. मग सामान उचलायच्या कामावर घेतात, तिथे तो जे धडपडतो त्यालाच लोक खेळ समजतात, आणि सर्कस त्याच्या जोरावर चालते हे फक्त त्यालाच ठाऊक नसतं. आजीला भाषा लागत नाही, पाच वर्षांच्या पोराला वाचता येत नसलं तरी अडत नाही. शिवाय गावोगाव फिरणारी कंपनी म्हणजे काय, हे आमच्या सिंधुदुर्गात समजावून सांगावं लागत नाही. दशावताराची मंडळी कार्तिकापासून पाऊस तोंडावर येईपर्यंत पेटारा घेऊन या जत्रेतून त्या जत्रेत असतात. रात्रभर राजा असलेला माणूस सकाळी तोंड धुऊन गाडीत सामान चढवताना सगळ्यांनी पाहिलेला असतो. सर्कसही आपल्याला परकी नाही: विष्णुपंत छत्र्यांनी 1880 साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली, तो मराठी माणसाचाच उद्योग. घरात कुणी म्हातारं माणूस लहानपणी पाहिलेल्या सर्कशीबद्दल बोलणारं असेल तर त्यांना खेळाआधी दहा मिनिटं बोलू द्या. पोरं ऐकतात.

तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा. पौर्णिमेच्या आसपास चांदणं पडद्यावर पडतं आणि काळ्याचा राखाडी होतो. कृष्णधवल चित्रात ते फार जाणवतं. अमावास्येच्या अलीकडचे-पलीकडचे पाच दिवस चांगले. मेचा पहिला पंधरवडा असेल तर उत्तम. नंतर वळवाचा भरवसा नाही, आणि 2021 चं तौक्ते तर मेच्या मध्यावरच आमचा किनारा झोडपून गेलं. खुद्द या चित्रपटाचं नशीबही असलंच. चित्रीकरण सुरू व्हायच्या आधी सर्कशीचा तंबू वादळाने मोडून टाकला, आणि सप्टेंबर 1926 मध्ये स्टुडिओला आग लागली. मंडप घालणाऱ्या माणसाला हे वाचलं की त्या अनोळखी तंबूवाल्यांबद्दल आपोआप माया वाटते.

आता पडदा. संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो, अंधार पडल्यावर मंदावतो, आणि उशिरा रात्री मतलई सुटते ती डोंगराकडून. म्हणजे दोन्ही वारे पूर्व-पश्चिम. पडदा त्याच रेषेत उभा करा, तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. मग वारा पडद्याच्या दोन्ही अंगांनी निघून जातो. तोच पडदा पश्चिमेकडे तोंड करून बांधलात तर शिडासारखा फुगेल, वर मावळतीचा उजेडही बराच वेळ त्यावर राहील.

कापडासाठी डबल बेडची पांढरी, बिननक्षीची चादर घ्या, 90 बाय 100 इंची. तिला मधे शिवण नसते. ताग्यातलं कापड आणलं तर पन्हा लहान म्हणून जोड द्यावा लागतो, आणि ती शिवण नेमकी चार्लीच्या तोंडावर येते. चादरीच्या वरच्या आणि खालच्या काठाला नेफा शिवून घ्या. वरच्या नेफ्यात एक बांबू, खालच्यात एक, खालचा जरा जड. उभे दोन वासे पोफळीचे चालतात. आमच्याकडे खाली जांभा लागतो, कुदळ नुसती उडते, म्हणून पहारेने दीड फूट भोक पाडून वासा बसवा आणि बाजूने दगडाच्या चिपा ठोका. वाशांना मागे-पुढे सुंभाचे ताण द्या. चादरीच्या दोन उभ्या कडा मात्र सुंभाने आवळून बांधू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी बांधा. झोत आला की ट्यूब ताणते, गेला की पडदा परत सपाट होतो, कापड फाटत नाही. चादरीच्या पाठीमागे काळं कापड लावलं तर चित्र आणखी उठून दिसतं. पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेतीन फूट ठेवा, कारण माणसं हातरीवर, म्हणजे चटईवर, बसणार आणि पुढच्यांची डोकी मागच्यांच्या आड येणार.

प्रोजेक्टर विकत घेऊ नका, मागून आणा. शाळेत किंवा ऑफिसात असतो तसा 3000 लुमेनचा मिळाला तर प्रश्नच नाही. छोटा घरगुती असेल तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका, ‘आन्सी लुमेन’, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारा. 8 फूट रुंद चित्रासाठी बहुतेक प्रोजेक्टर 12 ते 16 फुटांवर ठेवावा लागतो. दुपारीच फितीने मोजून तिथे खूण करा. मेनूत जाऊन चित्राचं प्रमाण 4:3 करा. जुना चित्रपट चौकोनी असतो, तो रुंद ताणला की सगळी माणसं बुटकी आणि जाडी दिसतात आणि चार्लीची चाल बिघडते. त्या चालीसाठी तर हे सगळं करायचं. वीज इन्व्हर्टरवरून घ्या, सुरुवातीपासूनच. असा प्रोजेक्टर 250-300 वॅट खातो, घरच्या मोठ्या बॅटरीवर चित्रपट आरामात होतो. मधेच प्रोजेक्टर बंद पडला तर वादकांनी थांबायचं नाही, तो परत लागेपर्यंत वाजवत राहायचं.

हक्कांबद्दल एवढंच: प्रत सरळ मार्गाने विकत घेतलेली असू द्या, आणि खेळ घरचा, बिनतिकिटाचा ठेवा. मंडळाचा जाहीर कार्यक्रम करायचा असेल तर रीतसर परवानगी आधी घ्या. ध्वनिक्षेपक लावू नका. खळ्यात त्याची गरज नाही, आणि रात्री 10 नंतर तो लावता येतही नाही.

आता वाजवण्याकडे येतो. पेटी, पखवाज आणि झांज, एवढं पुरे. दशावताराला तरी दुसरं काय असतं? तिघांनी मिळून आधी चित्रपट दोनदा टीव्हीवर पाहा. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा वही घेऊन, आणि वहीत फक्त तीन गोष्टी लिहा: कुठे पळापळ, कुठे पडझड, कुठे गप्प. सूर-ताल लिहीत बसू नका. पखवाज त्याच संध्याकाळी, पेटीच्या पट्टीत, खळ्यातच बसून लावा. घरात लावून बाहेर आणलात तर खाऱ्या दमट हवेने पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, सैलावते. डाव्या अंगाला कणीक जराशी घट्ट मळून लावा आणि हातोडी जवळ असू द्या, मध्यंतरात पुन्हा लावावा लागेल. वादकांची जागा पडद्याच्या बाजूला, तिरकी, अशी की तिघांनाही चित्र दिसेल. दिवा लागलाच तर पेटीखाली झाकून.

सुरुवातीच्या जत्रेत केरवा ताल धरा, आणि पोलीस मागे लागले की लय वाढवत न्या. चार्ली आरशांच्या भुलभुलैयात शिरतो तिथे पेटीने चारच सूर घेऊन ते फिरवत राहावेत. आरशात जसा एकाचे दहा चार्ली दिसतात, तसे ते चार सूर पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि लोकांना आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं. त्यानंतरचा प्रसंग माझा सर्वांत आवडता. पोलिसाला चुकवायला चार्ली यंत्रावर हलणाऱ्या बाहुल्यांमध्ये बाहुलं होऊन उभा राहतो. खटक्याने वळतो, खटक्याने थांबतो, शेजारी बाहुलं झालेल्या खिसेकापूच्या डोक्यात दांडा हाणतो आणि बाहुल्यासारखाच गदगदा हसतो. त्या खिसेकापूला ओरडताही येत नाही. इथे ठेका पूर्ण बंद. प्रत्येक वळण्याला पखवाजाचा एक बोल, प्रत्येक फटक्याला डाव्यावर एक भरीव थाप, आणि हसण्याला झांजेच्या कडा नुसत्या टेकवायच्या, टिक टिक टिक. हात अर्धा क्षण मागे राहिला तर मजा जाते, म्हणून हा तुकडा तालमीत पुन्हा पुन्हा करा, हात आपोआप पडेपर्यंत.

पडझडीचं सूत्र असं की पाय घसरला तेव्हा थाप द्यायची नाही, बूड टेकलं की द्यायची. दोन्हीच्या मधे जी क्षणाची शांतता राहते, तिच्यात लोक श्वास धरतात. आणि प्रत्येक पडण्याला वाजवू नका. दोन सोडा, तिसरं घ्या. भजनात गजर कुठे चढवायचा हे ज्याला कळतं त्याला हेही कळेल.

एक पथ्य मी फार कडक पाळतो. सर्कशीचा मालक हा त्या घोड्यावर कसरत करणाऱ्या मुलीचा सावत्र बाप आहे, तो तिला मारतो, उपाशी ठेवतो. त्या मारावर थाप द्यायची नाही. थाप दिली की पोरं हसतात, आणि मुलीला मारण्यावर पोरांनी हसावं असं माझ्या हातून होता कामा नये. तिथे पेटीने एक खालचा सूर धरावा आणि बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवावेत.

सिंहाच्या पिंजऱ्यात कुणी काहीही वाजवायचं नाही. चार्ली चुकून आत शिरलाय, दार अडकलंय, सिंह झोपलाय. बाहेर एक इवलंसं कुत्रं येऊन भुंकायला लागतं आणि हा हातवारे करून त्याला गप्प करायला बघतो. खळ्यात तेव्हा पाचोळा वाजला तरी ऐकू येतो. हमखास एखादं पोरगं आईच्या पदराआडून कुजबुजतं, ‘आये, तो जागो झालो तर?’ याच्यापुढे पखवाज काय वाजवणार? पिंजऱ्याचा प्रसंग संपला, मुलीकडून त्याला आपणच या सर्कशीचे हिरो असल्याचं कळलं, की मध्यंतर घ्या. दोरीवर चालणारा देखणा रेक्स येतो तो त्याच्या पुढे, आणि तिथून गोष्टीला वेगळा रंग चढतो.

दोरीवरचा प्रसंग शेवटाकडे आहे. रेक्स गायब, आणि चार्लीला त्याच्या जागी चढावं लागतं. चॅप्लिन यासाठी खरोखर दोरीवर चालायला शिकला होता. कमरेला लपवलेली तार आहे तोवर तो ऐटीत असतो, म्हणून तोवर मजेत वाजवा. तार सुटते ते प्रेक्षकांना आधी दिसतं, त्याला नंतर. तार सुटली की पखवाज थांबवा, नुसता पेटीचा षड्ज चालू ठेवा. त्याला कळलं की तोही बंद. मग माकडं अंगावर चढतात, पँट सुटते, आणि झांजवाल्याला जे काय येतं ते सगळं करू द्या. एवढा वेळ तो बिचारा आवरून बसलेला असतो.

चित्राच्या मधे इंग्रजी पाट्या येतात. त्या सांगायला वाडीतलं एखादं धीट पोर घ्या. आमच्याकडे भाची सांगते, नववीतली आहे, आणि मालवणीत सांगते. पाटी शब्दशः वाचायची नाही. दशावतारातला संकासूर कसा दोन शब्दांत लोकांना गुंडाळतो, तसं थोडक्यात आणि वेळेवर बोलायचं. ‘पळ रे, पोलीस इलो!’ एवढं पुरतं. ‘बापाशीन चेडवाक उपाशी ठेवल्यान’ म्हटल्यावर माझ्या आईच्या वयाच्या बायका पडद्यावरच्या त्या मालकाला मोठ्याने शिव्या घालतात. घालू द्या. गप्प बसा म्हणणाऱ्याला मागे पाठवा.

लहान पोरांना खेळाआधी दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, मालक वाईट वागतो आणि शेवटी त्याला मार बसतो. दुसरी, सिंह खरा आहे. मोठी पोरं विचारतील की आता सर्कशीत सिंह का नसतात. 1998 साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करायला बंदी घातली, हे सांगा, आणि पिंजऱ्यातल्या जनावराचे हाल कसे होत तेही सांगा. एवढ्याने चित्रपटाची मजा जात नाही.

बसायला पुढे हातऱ्या, मागे खुर्च्या, आणि खुर्च्या आज्या-आजोबांना. प्रोजेक्टर आणि पडद्याच्या मधल्या वाटेवर दोन्ही बाजूंना सुतळी ताणा, नाहीतर चार्लीच्या जागी मधूनमधून कुणाचा तरी काका दिसेल. सुरू करायच्या आधी पाच मिनिटं रिकामा उजेड सोडा आणि पोरांना हाताच्या सावल्यांचे कुत्रे-ससे करू द्या, म्हणजे ती हौस फिटते. मच्छरांना सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालांचा, धूर करा, पण पडद्यापासून आणि बॅटरीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पंखवाले किडे उजेडावर येतातच. पांढरा बल्ब एक लांब कोपऱ्यात लावला तर काही तिकडे जातात. मध्यंतरात कोकम सरबत, खाजं आणि भाजलेल्या आठळ्या. फणसाचे गरे नकोत, चिकट हातांनी पोरं नंतर चादर धरतात.

साडेसातच्या सुमारास आकाश बरंचसं काळवंडतं, पावणेआठला सुरू करा. वाजवणं, मध्यंतर धरून साडेनऊला माणसं घरी.

शेवटाला सर्कशीच्या गाड्या निघून जातात आणि चार्ली मागे राहतो, रिंगणाच्या खुणेत एकटा. आपल्याकडे मैफल भैरवीने संपते, तर इथे पेटीने एकट्याने भैरवी घ्यावी, अगदी थोडी. पखवाज नको. कुणीतरी पोरगं विचारेल, तो त्यांच्यासोबत का नाही गेला? उत्तर द्यायची घाई मोठ्यांनी करू नये. आमच्याकडे त्यावर दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांचा वाद चालला होता, आणि प्रत्येकीचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं.

सकाळी उठल्या उठल्या पोरं दोरी मागतील, हे धरूनच चाला. दोन माडांना बांधून मागतील, बांधू नका. काल उभा केलेला पोफळीचा वासा उपटून खळ्यात आडवा टाका, दोन्ही अंगांना खुंट्या ठोका म्हणजे गडगडणार नाही, आणि तोल सांभाळायला हातात लांब काठी द्या. कणीक काढून, पुडी पुसून पखवाज त्याआधीच घरात नेऊन ठेवा, कारण त्यांच्या सर्कशीला वादकही लागणारच. त्यांना झांज द्या.